मिर्यामची मिराबाई

म्हापशाच्या इगर्जीला तीन नावे आहेत. १५९४ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या अमलात ती बांधली गेली तेव्हा ती सांत जेरोमच्या नावाने अर्पण झाली आणि कागदोपत्री आजही ती त्याचीच आहे. परंतु बाजारात उतरून कोणाला सांत जेरोमची इगर्ज विचारली, तर तो क्षणभर घोटाळेल. ‘मिलाग्रीस’ म्हटले, की लगेच हात करून वाट दाखवील. कारण आतल्या पूज्य मूर्तीचे नाव ‘नोसा सिन्योरा दुश मिलाग्रीश’, म्हणजे चमत्कारांची माता. तिसरे नाव मात्र कोणत्याही दफ्तरात सापडावयाचे नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजूने फेस्तीला येणाऱ्या हिंदू बायाबापड्यांच्या तोंडी ती ‘मिराबाई’ आहे. शिरगावच्या लईराईची बहीण.

या तीन नावांपैकी कोणते खरे, असा वाद अधूनमधून ऐकू येतो, आणि त्यात विद्येपेक्षा आवेशच अधिक असतो. एक पक्ष म्हणतो, की मूळची मिराबाई होती, तिच्यावर परकीय नाव लादले गेले. दुसरा म्हणतो, की अशिक्षित लोकांना पोर्तुगीज उच्चार जमला नाही, म्हणून मिलाग्रीसची मिराबाई झाली. त्यात अर्थ शोधणे व्यर्थ. दोन्ही मते मला उथळ वाटतात. ती का, हे सांगावयाचे तर ज्या नावावरून ही सारी साखळी निघाली त्या ‘मरिया’ नावाचा प्रवास थोडा मुळापासून पाहावा लागेल. त्या प्रवासात पहिली गाठ पडते ती याच इगर्जीच्या विस्मृत मालकाशी, सांत जेरोमशी.

जेरोम हा नुसता संत नव्हता, तो शब्दांचा वेडा होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने बायबलाचे लॅटिन भाषांतर हाती घेतले, त्यासाठी हिब्रू भाषा एका यहुदी गुरूपाशी शिकला आणि बेथलेहेमात राहून हे काम करता करता ४२० साली तेथेच निवर्तला. याच उद्योगात इ. स. ३९० च्या सुमारास त्याने बायबलातील हिब्रू विशेषनामांच्या अर्थांचा एक कोश रचला. त्या कोशात ‘मरिया’ या नावापाशी तो बराच रेंगाळला आहे. हिब्रूत ‘मर’ म्हणजे थेंब आणि ‘याम’ म्हणजे समुद्र. म्हणून मिर्याम म्हणजे ‘समुद्राचा थेंब’ असा एक अर्थ त्याने दिला. लॅटिनमध्ये हे झाले ‘स्तिल्ला मारिस’. पुढे नकलाकारांच्या हातून एक स्वर बदलला आणि ‘स्तिल्ला’ची ‘स्तेल्ला’ झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थेंबाची चांदणी झाली. समुद्राचा थेंब कोणाच्या ध्यानात राहिला असता? पण ‘समुद्रावरची चांदणी’ मात्र नवव्या शतकापासून स्तोत्रांत शिरली, मध्ययुगात खलाशांची देवता झाली, आणि अटलांटिक व हिंदी महासागर ओलांडणाऱ्या गलबतांवर नावाच्या रूपाने चढून बसली. एका अक्षराच्या चुकीवर इतकी भक्ती उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

जेरोमने आणखीही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सिरियाक भाषेत मरिया म्हणजे ‘स्वामिनी’, असे तो सांगतो. व्युत्पत्ती म्हणून तिचे मोल काहीही असो. पण गोव्याच्या वाचकाने येथे थबकावे. कारण गोव्यात मरियेला तिच्या नावाने फारसे कोणी हाक मारीतच नाही. ती ‘सायबीण’ आहे. अरबी ‘साहिब’ मराठीत साहेब झाला, कोंकणीत सायब. त्याला आपला ‘ईण’ हा घरचा स्त्रीप्रत्यय लागला, जसा पाटलाला लागून पाटलीण होते आणि मास्तराला लागून मास्तरीण. पोर्तुगीज ‘सिन्योरा’चे हे चोख भाषांतर होय. बेथलेहेमातल्या पंडिताने जो अर्थ पोथीत लिहिला, तोच बारादेसच्या बायकांनी त्याचा ग्रंथ न वाचता, अरबी शब्द आणि मराठी प्रत्यय जोडून सिद्ध केला.

नावाचा खरा अर्थ काय, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. कोणी ते ‘कडू’ या अर्थाच्या धातूपासून काढतात, कोणी ‘बंड’ या शब्दापासून, तर कोणी इजिप्शियन भाषेतील ‘प्रिय’ या अर्थाच्या ‘मरी’ या शब्दाकडे बोट दाखवितात. मला हा शेवटचा तर्क अधिक पटतो, कारण या नावाची पहिली स्त्री इजिप्तमध्येच जन्मली. मोशेची ती थोरली बहीण. फारोच्या भयाने तान्ह्या मोशेला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीत ठेवले, तेव्हा काठावर दूर उभी राहून त्याच्यावर लक्ष ठेवणारी जी मुलगी, ती हीच, असे परंपरा मानते. पुढे तांबडा समुद्र ओलांडल्यावर डफ हाती घेऊन बायांना नाचविणारीही हीच. पण तिची तिसरी कथा फारशी कोणी सांगत नाही. ती भावावर रागावली, त्याच्याविरुद्ध बोलली, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून तिचे अंग कोडाने पांढरे झाले. सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागले. तोवर सारा लोकसमुदाय तिच्यासाठी खोळंबून राहिला, पुढे सरकला नाही. भावावर राग, मग प्रायश्चित्त: ही कथा वाचकांनी जवळ ठेवावी, शिरगावला तिची गरज पडेल.

हिब्रूतले मिर्याम ग्रीकमध्ये ‘मरियाम’ झाले, आणि त्या भाषेच्या वळणाने शेवटचा ‘म’ गळून ‘मरिया’. म्हणूनच मराठी बायबलात एकाच नावाची दोन रूपे शेजारी नांदतात. जुन्या करारात मोशेची बहीण ‘मिर्याम’ आणि नव्या करारात येशूची आई ‘मरीया’. साध्या वाचकाला ही दोन वेगळी नावे वाटतात. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएलांच्या घरी मात्र हिब्रू रूपच चालत आले. मराठी ज्यांची मातृभाषा, लुगडे ज्यांचा वेष आणि पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे ज्यांचा धंदा, म्हणून गावकरी ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्या मुलींत मिर्याम हे नाव परके वाटले नाही. अरबीत तेच ‘मर्यम’. कुराणाचा एकोणिसावा अध्याय त्याच नावाचा आहे आणि साऱ्या कुराणात नावाने उल्लेखिलेली स्त्री ही एकटीच. तिचे नाव त्यात ३४ वेळा येते. त्या अध्यायात एके ठिकाणी तिचे आप्त तिला ‘हारूनची बहीण’ म्हणून हाक मारतात. हारून हा मोशेचा भाऊ. म्हणजे येशूच्या आईला हाक मारताना तिच्या नावाची जुनी मालकीण, ती भावांची बहीण, पुन्हा डोकावते. भाष्यकारांनी याचे निरनिराळे खुलासे केले आहेत. मला येथे एवढेच सांगावयाचे, की या नावाला आईपणाआधी बहीणपण चिकटलेले आहे, आणि ते सहजासहजी सुटत नाही.

फारसीत ‘गुल-ए-मरियम’ म्हणजे आपला निशिगंध. इंग्रजीतले ‘मेरीगोल्ड’ म्हणजे मरियेचे सोने, ज्याला आपण झेंडू म्हणतो. मराठी माणूस दसऱ्याला दारावर कोणाचे नाव बांधतो, याची त्याला कल्पना नसते.

आता या नावाच्या दुसऱ्या एका स्वभावाकडे वळू. जे नाव अतिशय पवित्र, ते उच्चारण्याचा लोकांस संकोच वाटतो. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यावयाचे तर उखाण्याचा आडपडदा लागे. युरोपातही मरियेच्या बाबतीत असेच काही घडले. आयरिश भाषेत येशूच्या आईचे नाव ‘मुरे’ आणि घरच्या मुलीचे ‘मॉरे’. मूळ एकच, पण देव्हाऱ्यातले रूप घरात आणावयाचे नाही. पोलंडात कित्येक शतके मुलींना हे नाव देणेच टाळीत. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी निराळी युक्ती काढली. तेथे नुसती मरिया म्हणत नाहीत; दुःखांची मरिया, दयेची मरिया, जपमाळेची मरिया, आरोग्याची, उपायांची, चमत्कारांची मरिया. आणि मग मूळ नाव गाळून उरलेले विशेषणच नाव बनते. मरिया अदृश्य होते आणि तिचे दुःख, तिची दया तेवढी मुलीच्या नावात राहते.

ही रीत पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली आणि येथे तर ती फोफावली. दोरिस, पिएदाद, कोंसेसांव, रेमेदियुस, रोजारियु, मिलाग्रीस: बारादेस आणि साष्टीच्या कोणत्याही गावात ही नावे भेटतील. गंमत अशी, की ती पुरुषांनाही लागतात. मिलाग्रीस नावाचा बाप्या गोव्यात मुळीच दुर्मिळ नाही. पोर्तुगीज शब्दाचे लिंग काहीही असो, येथे ते सायबिणीने दिलेले लेणे समजून मुलाला घातले जाते. तिच्या नवसाने झालेल्या मुलाला तिचेच नाव न देऊन कसे चालेल?

मुंबईकरांना याचे आणखी एक उदाहरण ठाऊक आहे. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेला कोळी आणि इतर मराठी लोक ‘मोतमाउली’ म्हणतात. ‘मोंत’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये डोंगर. मराठी कानाने त्यात मोती ऐकले, आणि माउली तर घरचीच. ८ सप्टेंबरनंतरच्या जत्रेत मेणबत्ती लावणाऱ्या कोळणीच्या तोंडी मरियेचे नाव कोठेच नाही, आणि तरी ती कोणाकडे आली आहे याविषयी तिच्या मनात संदेह नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. महाराष्ट्रातील मरीआई ही पटकीची देवी. तिचे नाव ‘मरी’ म्हणजे साथ, यावरून. तिचा मरियेशी काही संबंध नाही. हे वेगळे सांगावे लागते, कारण हौशी व्युत्पत्तिकारांनी हे दोन देव्हारे एकत्र करण्याचा खटाटोप केलेला आहे. मिराबाईविषयी बोलताना म्हणूनच जरा जपून पाऊल टाकले पाहिजे.

प्रथम ‘मिलाग्रीस’ या शब्दाकडे पाहू. लॅटिन मूळ ‘मिराकुलुम’. ज्याचे आश्चर्य वाटते ते. पोर्तुगीज बोलीत या शब्दातील ‘र’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या आणि ‘मिलाग्री’ हे रूप झाले. ही अदलाबदल भाषांत नेहमीची आहे. आपला ‘लखनौ’ खेड्यातल्या माणसाच्या तोंडी ‘नखलौ’ होतो तशी. म्हापशात आल्यावर लोकांच्या तोंडी ‘ल’ची जागा पुन्हा ‘र’ने घेतली आणि ‘मिरा’ झाले. म्हणजे पोर्तुगिजांनी बिघडवलेला लॅटिन शब्द डिचोलीच्या कुणब्यांनी दुरुस्त करून दिला, असे थट्टेने म्हणता येईल. अर्थात त्यांनी लॅटिन जाणून हे केले नाही. मिरा हे नाव त्यांच्या कानात आधीच होते. राजस्थानच्या मीराबाईची कीर्ती संतकथांतून आणि कीर्तनांतून साऱ्या देशात पसरली होती. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे घर मिळाले. येथवर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे आहे: उच्चार बदलला.

परंतु उच्चार बदलून ‘मिरागीस’ होऊन थांबला असता, तर ती गोष्ट निराळी. तो तेथे थांबला नाही. त्याला ‘बाई’ लागली. आणि सारे मर्म या ‘बाई’त आहे.

सात बहिणींची कथा गोव्यात सर्वश्रुत आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, शीतळाई, अंजदीव बेटाची अजादीपा आणि म्हापशाची मिराबाई. एक भाऊही आहे, खेतोबा. गावागणिक कथेचे तपशील बदलतात, परंतु लईराईची गोष्ट साधारण अशी सांगतात: भावाला विस्तव आणावयास पाठविले, तो मुलांचा खेळ पाहत रमला आणि उशिरा आला, बहिणीने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली. म्हणून आजही वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत तिचे धोंड, हाती वेताची काठी घेऊन, उपासतापास करून, पहाटे होमकुंडातून धावतात. मोगरा हे लईराईचे आवडते फूल. जत्रेच्या दिवसांत शिरगावची वाट त्याच्या वासाने कळते.

मोशेच्या बहिणीची कथा मी वर सांगितली ती यासाठी. त्या कथेने या कथेला जन्म दिला असे मी मुळीच म्हणत नाही. तसा कोणताही धागा नाही. भाऊबहिणींचे भांडण आणि त्यानंतरचे प्रायश्चित्त हा माणसांच्या घराघरातला अनुभव आहे, तो वाळवंटातही होतो आणि कुळागरातही. परंतु मिर्यामपासून निघालेले नाव हजारो कोसांचा फेरा घेऊन अखेर बहिणींच्याच एका गोतावळ्यात येऊन बसावे, याचा अचंबा वाटल्यावाचून राहत नाही.

या बहिणींची नावे पाहा. लईराई, मोरजाई, शीतळाई यांत ‘आई’ आहे. केळबाईत ‘बाई’ आहे. ग्रामदेवतेचे नाव म्हणजे बहुधा स्थळाचा किंवा गुणाचा अंश आणि त्याला नात्याचा शब्द. ‘मिलाग्रीस’ या नावाने कोणीही त्या पंगतीत बसू शकली नसती. ‘बाई’ लागताच तिला पाट मिळाला. कोंकणीत तर ‘बाय’ म्हणजे बहीणच. तेव्हा मिराबाई हा अपभ्रंश नव्हे, तो नातेसंबंध जोडण्याचा विधी आहे. बारशाच्या वेळी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगावे, तसे या बहिणींनी नवख्या बहिणीच्या कानात नाव सांगितले.

हे केव्हा घडले, याची तारीख कोणत्याही बखरीत नाही. पण कोणत्या परिस्थितीत घडले ते आपणांस ठाऊक आहे, आणि ती परिस्थिती कठीण होती. बारादेस १५४३ पासून पोर्तुगिजांकडे. तेथील देवळे पाडली गेली. म्हापशाच्या इगर्जीच्या जागीही पूर्वी देऊळ होते, अशी परंपरा सांगते. १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड वगळता, गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल होता. १६८४ साली कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम निघाला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात तर ख्रिश्चनांच्या घरच्या हिंदू चालीरीतींवर, तुळशीपासून लग्नातल्या पानसुपारीपर्यंत, बारकाईने बंदी घातलेली आहे. उलट डिचोली आणि पेडणे हे महाल १७८० च्या दशकापर्यंत पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर, सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात. बारादेसातून हाकलले गेलेले देव आणि त्यांचे महाजन ज्या दिशांनी गेले, त्यांतली एक ही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्वे येथे गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे त्याचे देऊळ बांधविले, हे सर्वांस माहीत आहे.

म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ शिरगावची लईराई एका राज्यात आणि म्हापशाची सायबीण दुसऱ्या राज्यात होती. मध्ये चौकी आणि कायदा. मोरजाई पेडण्यात, महामाया मयेत. बहिणींच्या या नकाशावरून राजकीय सीमा सरळ आरपार गेली होती. कथा हे सारे एका वाक्यात सांगून मोकळी होते: सात बहिणींपैकी एक बाटली. ती तिला दोष देत नाही, आणि गोतावळ्यातून काढूनही टाकीत नाही. ज्या काळात बाटलेल्या माणसाशी घरच्यांचे अन्नपाणी बंद होई, त्या काळात एखाद्या समाजाने ही कथा रचावी आणि जपावी, याला मी साधी गोष्ट मानीत नाही. सीमेच्या अलीकडे-पलीकडे जी खरीखुरी भावंडे विभागली गेली, त्यांच्याच घरातून ही कथा निघाली असावी, असे मला वाटते. देवींच्या नावाने ती आपलीच गोष्ट सांगत होती.

पहिल्या पक्षाचे मत मला म्हणूनच अपुरे वाटते. मिराबाई ही मूळची आणि मिलाग्रीस वरची, असे म्हटले की सारी कथा अपहाराची होते आणि बहीणपण हरवते. देऊळ पाडल्याचे दुःख खरेच आहे. ते पुसण्याचे कारण नाही. पण कथा रचणाऱ्यांनी त्या दुःखाचे काय केले, हेही पाहिले पाहिजे. त्यांनी आपल्या रुसलेल्या, दूर गेलेल्या बहिणीला नवे नाव दिले नाही. तिचे नवे नाव ऐकले, आणि त्याला घरचा शब्द जोडला.

येथे साष्टीकडे एक नजर टाकण्यासारखी आहे. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ साली राचोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, पुराणकारांची सारी भाषा आपलीशी केली. परंतु व्यक्तिनामांना त्याने हात लावला नाही. मरिया ही मरियाच राहिली. मात्र मराठीच्या व्याकरणाने ते नाव चटकन ओळखले. गंगा, माळा यांच्यासारखे आकारान्त स्त्रीलिंगी रूप. म्हणून मरियेला, मरियेचे, आणि हाक मारताना ‘मरिये’. कोंकणीतील ‘नमान मरिये’ या रोजच्या प्रार्थनेत हीच हाक आहे. पुढे इंग्रजी अमदानीत आलेली ‘मेरी’ अशी विरघळली नाही. मेरीला, मेरीचे, असे प्रत्यय तिला बाहेरून चिकटवावे लागतात, नाव जागचे हलत नाही. स्टीफन्स पंडित होता, त्याने शब्द भाषांतरित केले आणि नावे तशीच ठेवली. म्हापशाच्या भोवतालच्या अडाणी जनांनी बरोबर उलटे केले: धर्माचे शब्द ज्याचे त्याच्यापाशी राहू दिले, आणि नाव तेवढे आपले करून घेतले.

ही गोष्ट नुसती नावापुरती राहिली नाही. मिलाग्रीसच्या फेस्तीला हिंदू भाविक आजही मोठ्या संख्येने येतात आणि सायबिणीला तेल वाहतात. मेणबत्ती ही इगर्जीची रीत, तेल ही देवळाची. एकाच मूर्तीपुढे दोन्ही चालतात. आणि परंपरा अशी सांगते, की लईराईच्या जत्रेला म्हापशाहून तेल जाते आणि मिलाग्रीसच्या फेस्तीला शिरगावहून मोगऱ्याची फुले येतात. सासरी गेलेल्या बहिणींनी सणावाराला एकमेकींकडे काही तरी पाठवावे, तसेच हे. बेने इस्राएलांच्या घाण्याचे तेल आणि फारसी बागेतले मरियमचे फूल यांची आठवण मला येथे होते. पण हा केवळ माझ्या मनाचा चाळा, त्याला पुरावा म्हणू नये.

एका गोष्टीला मात्र पुरावा आहे, आणि तो पंचांगात आहे. मिलाग्रीसची फेस्त ईस्टरपासून सोळाव्या दिवशी, सोमवारी येते. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. तेव्हा ही फेस्त त्या पौर्णिमेपासून सोळा ते बावीस दिवसांच्या आत पडते. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. चैत्री पौर्णिमेपासून विसावा दिवस. ज्या वर्षी ईस्टरची पौर्णिमा आणि चैत्री पौर्णिमा एकच असते, त्या वर्षी फेस्त आणि जत्रा एकाच आठवड्यात येतात. २०२२ मध्ये फेस्त २ मे रोजी आली आणि पंचमी तिच्यामागून तीनचार दिवसांनी. २०२३ साली फेस्त २४ एप्रिलला होती आणि पंचमीची तिथी त्याच सकाळी लागली. रोमन धर्मपीठाचे गणित आणि आपले पंचांग यांनी एकमेकांस न विचारता दोन बहिणींचे सण शेजारी आणून ठेवले. एका बाजूचे लोक दुसऱ्या बाजूला जाऊन येतील इतकाच अवधी मध्ये राहतो, आणि मोगऱ्याचा बहर दोन्हींना पुरतो. ही जवळीक नसती तर तेलाफुलांची देवघेव रुजली असती की नाही, याची मला शंका आहे.

दर वर्षी असे जमत नाही. ईस्टर मार्चमध्ये पडला, की त्याची पौर्णिमा होळीची असते आणि फेस्त एक महिना आधी उरकते. २०२४ साली असेच झाले. फेस्त १५ एप्रिलला आणि जत्रा मेच्या दुसऱ्या आठवड्यात. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे फेस्त १२ एप्रिलला येईल, आणि शिरगावचे होमकुंड पेटावयास त्यानंतर सुमारे चार आठवडे लागतील. त्याच्या पुढच्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला, फेस्त १ मेला, आणि पंचमी तिच्या दोनच दिवस आधी.